प्रतिसाद: रन का अडत नाही?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्या टीमची पुढची फळी अंगाने कमी पडते म्हणून समोरच्यांचा रन (चेंडू हातात घेऊन पळणं) अडत नाही, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं मला अर्धंच पटतं. ताकद लागतेच, पण मैदानात माणसं कोणती उतरवली हे आधी बघा. १९ जानेवारी २०२० चा पॅकर्स–फॉर्टीनायनर्स सामना घ्या. फॉर्टीनायनर्सच्या रहीम मॉस्टर्टने पळून एकट्याने २२० यार्ड काढले, चार टचडाउन केले, म्हणजे चारदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या गारोपोलोने, अख्ख्या सामन्यात जेमतेम आठ पास टाकले! पॅकर्स तेव्हा पास अडवायला म्हणून पाच-सहा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे हलके, चपळ खेळाडू) घेऊन खेळायचे, म्हणजे लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे उभे राहणारे दणकट बचावपटू) कमी. समोर फॉर्टीनायनर्सचे युशचेक आणि किटलसारखे दणकट ब्लॉकर, म्हणजे पळणाऱ्याला वाट करून देणारे. हलक्या अंगाच्या पोरांनी त्यांना कसं रेटायचं?

पहिला टचडाउन परत बघा. तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), अजून आठ यार्ड काढायचे होते, सगळ्यांना वाटलं आता पासच येणार. चेंडू मॉस्टर्टकडे गेला, मधे खिंडार पडलं आणि तो ३६ यार्ड सरळ पळत सुटला. मी तेव्हापासून रन बघताना चेंडूकडे बघतच नाही, लाइनबॅकरचं पहिलं पाऊल बघतो. ते चुकीच्या बाजूला पडलं की त्याची गॅप (त्याने राखायची फट) मोकळी, मग सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) येईपर्यंत दहा यार्ड गेलेच. आपल्या टीमचं नेमकं हेच होतंय, आणि पुढच्या फळीच्या मधोमध नुसता जाडजूड नोज टॅकल आणून ते सुटणार नाही.