उधारीची वही कूलरच्या पाण्यात

प्रश्न : दुकानदार, पारोळा

नमस्कार मंडळी. माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, आता मी बघतो. वय ४४. दारू नाही, पत्ते नाहीत, तोंड मात्र ताब्यात नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे साडेतीन, बाहेर अंगाची लाही. सकाळपासून सात-आठ जण 'कपाशीचं बियाणं आत्ताच दे' म्हणून भांडून गेलेले. लवकर लागवड झाली की गुलाबी बोंडअळीची सोय होते, म्हणून कृषी खातं जूनच्या आधी लावू नका म्हणतं. विहिरीला पाणी असणाऱ्याला ते पटत नाही आणि शिव्या मी खातो. तेवढ्यात आमचं जुनं गिऱ्हाईक, अण्णा आले. मागची बाकी ४,२०० च्या आसपास, वर डीएपी खताच्या दोन गोण्या उधार पाहिजेत. मी म्हटलं, आधी मागचं बघू. तर चार माणसांसमोर म्हणाले, "तुन्हा बाप आसा नव्हता रे भो."

झालं. पुढे काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. हातातली उधारीची वही भिरकावली. पाणी भरायला कूलरची मागची जाळी काढलेली होती, वही थेट आत. शाईच्या पेनाने लिहायची वडिलांची सवय मी चालू ठेवलेली, त्यामुळे सात पानं निळीच्या पाण्यात बुडवल्यासारखी झाली. पंख्याखाली वाळवली, पण अक्षर लागेना. अण्णांचं पानही त्यातच गेलं.

रात्री अंथरुणात सगळं कळतं, दुपारी गल्ल्यावर कळत नाही. दहापर्यंत आकडे मोजा म्हणतात, माझा दोनलाच सुटतो. काय करू?

उत्तर १ : निवृत्त लोको पायलट, भुसावळ

दादा, मी उभी हयात मालगाडी हाकली. लाल दिसल्यावर ब्रेक लावू म्हणाल तर उपयोग नाही. भरलेली गाडी थांबायला किलोमीटरभर सहज खाते. म्हणून तर आधी डबल पिवळा, मग एक पिवळा, मग लाल. तुम्ही लालला जागे होता. तुमचा डबल पिवळा कुठे लागतो ते आधी शोधा. माझ्या कानाच्या पाळ्या तापतात, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी 'हां हां हां' सुरू करतो. हे मला कळलं नव्हतं, आमच्या घरच्या मंडळींनी दाखवून दिलं.

दुसरं. इंजिनात आम्ही सिग्नल नुसता बघत नाही, मोठ्याने म्हणतो. मी म्हणायचं, सहायकानेही म्हणायचं. घरीही तेच करतो. "मला राग यायला लागलाय" हे तोंडाने म्हणतो. सुरुवातीला सून हसायची. आता तीच विचारते, "बाबा, सिग्नल कोणता?"

उत्तर २ : मानसशास्त्र शिकवणारी, धुळे

काकांच्या सिग्नल पुकारण्याला प्रयोगशाळेतलाही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डलाची खळबळ कमी दिसली आणि कपाळामागचा एक भाग जास्त कामाला लागला. अमिग्डला म्हणजे धोक्याची घंटा. अपमान आणि साप यांत ती फारसा फरक करत नाही.

'एकदा काय ते ओकून मोकळं व्हावं' असं आपल्याकडे म्हणतात, त्यावर मात्र माझा विश्वास नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, डिवचणाऱ्या माणसाला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सगळ्यांत जास्त राहिला. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

आकडे मोजण्यापेक्षा उच्छ्वास लांबवा. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो, तेवढी सवड पुरते. आणि साडेतीनला तुम्ही जेवला होतात का? खरं सांगा.

उत्तर ३ : केळीवाल्यांच्या घरातली, यावल

मी जरा कडू बोलते. कंपनीचा माणूस दुकानात बसून अर्धा तास टार्गेट ऐकवतो, तेव्हा कधी वही फेकलीत? नाही ना? आमचे हे व्यापाऱ्याने घडाला नावं ठेवून भाव पाडला की त्याला चहा पाजतात, आणि घरी येऊन भरितात मीठ कमी म्हणून ताट सरकवतात. म्हणजे राग आवरता येतो. कुणासमोर आवरायचा ते आधीच ठरलेलं असतं.

आणि अण्णांची माफी मागितली का? तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात मला ती कुठे दिसली नाही.

पुन्हा : दुकानदार, पारोळा

यावलच्या ताईंचं वाचून दोन दिवस इथे आलोच नाही. वर्मी लागलं.

मॅडम, जेवलो नव्हतो. सकाळच्या दोन कपांवर होतो. आता एकला डबा उघडतो, गिऱ्हाईक उभं असलं तरी.

परवा सकाळी अण्णांच्या मळ्यात गेलो. ते ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. "चुकलं माझं," म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत, नळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. अर्धी गुंडाळून झाल्यावर म्हणाले, बाकी किती निघते? मी म्हटलं, ४,२०० असावेत, पान गेलं. तर म्हणाले, "चार हजार साडेसहाशे. झिंकच्या दोन पिशव्या पोराने नेल्या होत्या, तू नव्हता तेव्हा."

डीएपी तरीही दिलं नाही. निम्मे आणून द्या, मग गोण्या घेऊन जा, एवढंच म्हटलं, आवाज न चढवता. कुरकुरले, पण हो म्हणाले.

माझा डबल पिवळा पोराने शोधला. राग येताना मी पेनाचं टोपण घाल-काढ करतो म्हणे. काल चारला एक जण बियाण्यावरून चढ्या आवाजात आला. टोपण दोनदा वाजलं. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "भाऊ, मला राग यायला लागलाय, जरा पाणी पितो." तो बघतच राहिला. त्यालाही ग्लास दिला. बियाणं नाही दिलं, तो पुढच्या दुकानात गेला.

वहीसाठी आता बॉलपेन घेतलंय. त्यालाही टोपणच आहे.