सान मामेस पाहिलेल्यांचे अनुभव

स्पेनमधील बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लब या फुटबॉल संघाचे सान मामेस हे मैदान ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल, त्यांनी आपले अनुभव येथे अवश्य लिहावेत. तिकीट कसे मिळवले यापेक्षा तेथे काय दिसले, हे वाचायला अधिक आवडेल. सुरुवात मीच करतो.

२०१३ च्या मे महिन्यात कामानिमित्त बिल्बाओत होतो. १९१३ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मैदानाचे ते अखेरचे दिवस होते आणि त्याला खेटूनच नव्याचे बांधकाम चालले होते. उरलेला भाग मात्र जुने पाडल्यावरच बांधता येणार होता. त्या सप्टेंबरात नवे मैदान अपुऱ्या अवस्थेतच खुले झाले. जुन्याची पांढरी कमान क्लबच्या लेसामा येथील प्रशिक्षण केंद्रात जपली आहे, हे कळल्यावर बरे वाटले.

पॅरिसहून एक वाचक:

मला सामन्यापेक्षा पिचिचीचा अर्धपुतळा अधिक लक्षात राहिला. जुन्या मैदानावरचा पहिला गोल याच खेळाडूचा. १९२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतच तो गेला. येथे प्रथमच खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार या पुतळ्यापुढे फुले ठेवतो. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिकडे त्याला ‘सिरिमिरी’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द परका वाटतच नाही.

पुण्याहून एक वाचक:

बिल्बाओ ज्यात येते त्या बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तेथे फुटबॉल शिकलेले खेळाडूच घेण्याचा या क्लबचा दंडक ऐकून माझ्या मनात प्रथम ‘भूमिपुत्र’ हा शब्द आला आणि त्यामागोमाग शंकाही. पण घानाहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी बिल्बाओत जन्मलेल्या इन्याकी विल्यम्सच्या नावाचा गजर पन्नास हजार लोकांकडून ऐकला, तेव्हा हा दंडक मला वाटला होता तितका अरुंद नाही, हे मान्य करावे लागले. शंका पूर्ण फिटली असे मात्र म्हणणार नाही. एवढी मर्यादा पाळूनही हा संघ स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही, हे आश्चर्यच.

बिल्बाओहून एक वाचक:

एप्रिल २०२४ मध्ये मायोर्का संघाला पेनल्टींवर हरवून क्लबने चाळीस वर्षांनी कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला आणि ११ तारखेला खेळाडूंना घेऊन ‘गाबारा’ नावाची सपाट बोट नदीतून निघाली. माझ्या शेजारच्या आजोबांनी १९८४ ची मिरवणूक याच काठावरून पाहिली होती. त्यांनी नातवाला खांद्यावर घ्यायला मला सांगितले, कारण त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते. बोट पुढे गेली तरी तो मुलगा खाली उतरायला तयार नव्हता.