सोफ्यामागच्या भिंतीवर काय लावावं?

जुळे_सोलापूरवाला:
नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये शिरलं की सोफ्यामागची ११ फुटी भिंतच समोर येते. सोफा ६ फुटी. आईला सात घोड्यांचं चित्र हवंय, मला काहीतरी आपल्या गावचं. समोर पश्चिमेची खिडकी आहे, चारनंतर ऊन थेट या भिंतीवर. वास्तुशांतीत आलेल्या फ्रेमाही बऱ्याच आहेत.

पूर्वभागची_लेक:
दादा, काचेचं काहीच लावू नका. समोर खिडकी म्हणजे दिवसभर चित्राऐवजी खिडकीच दिसणार. हातमागावरचं वॉल हँगिंग घ्या. आमच्या घरात ते विणलं जायचं, म्हणून हक्कानं सांगते. चित्र आधी आलेख कागदावर उतरवतात, तो ताण्यामागे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांमागे धरतात आणि रंगारंगाच्या धाग्याची वेगळी कांडी चौकटी मोजत फिरवतात. चेहऱ्यावर आले की माग अगदी हळू चालतो. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन धागे इकडचे तिकडे झाले तरी माणूस बदलतो. घेताना उलटून बघा. छापील कापडाची मागची बाजू फिकट असते, विणलेल्यात रंग आरपार दिसतो.

विषय म्हणाल तर गड्ड्याच्या यात्रेतले, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या. रांगेत सातही आले की आडवं चित्र होतं, रुंद भिंतीला तेच शोभतं. आईंनाही आवडेल बघा.

रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४ फूट. सोफ्याच्या पाठीपासून ६ ते ८ इंच वर. बाकीच्या फ्रेमा पॅसेजमध्ये न्या. शेजारी घड्याळसुद्धा नको.

चादरप्रेमी:
बजेट कमी असेल तर जेकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली सोलापुरी चादर लाकडी चौकटीवर ताणून लावा. आमच्याकडे मोराची आहे, पाहुणे आधी तिच्याकडेच जातात.

जुळे_सोलापूरवाला:
ताई, नंदीध्वज म्हटल्यावर आई लगेच तयार झाली! पण उन्हानं रंग उडणार नाही का?

पूर्वभागची_लेक:
उडेल की. आपल्याकडचा एप्रिल-मे कुठल्याच रंगाला सोडत नाही. जाड अस्तराचा पडदा लावा आणि चारच्या आत ओढा. संध्याकाळसाठी वरून पिवळसर, ३००० केल्विनचा एलईडी. पांढऱ्याफटक उजेडात लाल रंग मरतो. आणि खिळ्यांवर टांगू नका, कोपरे ओघळतात. वरच्या कडेला कापडी नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घाला, वजन सगळीकडे सारखं पडतं. धूळ मऊ ब्रशनं, वरून खाली. धुवायचं नाही.