करार मोडता येतो, पण मुदत पाळा

‘बिल्डरने सोसायटी त्याच्याच ताब्यात असताना स्वतःच्याच कंपनीला गॅरेज नाममात्र भाड्याने देऊन टाकलं, आता काहीच करता येणार नाही’, असं अमेरिकेतल्या एका इमारतीबद्दल कुणीतरी म्हटलंय. मला ते पटत नाही.

अमेरिकेत को-ऑप (इमारत सोसायटीची, रहिवासी तिचे भागधारक) आणि कॉन्डो (प्रत्येकाच्या मालकीचा फ्लॅट) यांच्या मालकांसाठी १९८० चा केंद्रीय कायदा आहे. भाड्याच्या इमारतीचं को-ऑप किंवा कॉन्डोत रूपांतर झालेलं असेल आणि बिल्डरने सोसायटी ताब्यात असताना स्वतःच्याच कंपनीशी केलेला, इमारतीच्या देखभालीशी किंवा मालकांच्या सोयीच्या जागेशी संबंधित करार ३ वर्षांहून जास्त मुदतीचा असेल, तर तो दंड न भरता रद्द करता येतो. त्यासाठी बिल्डरची घरं वगळून उरलेल्या घरांपैकी किमान दोन तृतीयांश घरांच्या मालकांची मतं लागतात.

खरी मेख मुदतीत आहे. बिल्डरचं विशेष नियंत्रण (सोसायटी आपल्या हाती ठेवण्याचा त्याचा अधिकार) संपलं किंवा त्याच्याकडे २५ टक्के वा त्याहून कमी घरं उरली, यातलं जे आधी घडेल तिथून फक्त २ वर्षं मिळतात. नवी कमिटी रंगकाम आणि लिफ्टच्या भांडणात अडकते आणि तेवढ्यात ही संधी हातची जाते, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून कमिटी हातात आल्याबरोबर सगळे भाडेकरार मागवा. सही दोन्हीकडून बिल्डरच्याच माणसांची दिसली, तर लगेच वकील गाठा.