शहापूरचं घर विकून नवीन फ्लॅट घ्यायचा, पण आधी काय?

शापूरकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला वडिलांच्या काळातलं घर आहे आमचं, पुढं दोन खोल्या आणि मागं विणायच्या मागाची खोली. माग भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली पण मागाचा खड्डा तसाच आहे आणि घर बघायला येणारा प्रत्येकजण तिथंच थांबून हे बुजवायला किती जाईल ओ म्हणतोय. टिळकवाडीत एक बिल्डिंग चाललीय, प्लिंथ (जोतं) झालीय, टू बीएचके ५८ लाख, ताबा अडीच वर्षांनी म्हणे. बिल्डर म्हणतोय २० टक्के भरा म्हणजे रेट फिक्स, अ‍ॅग्रीमेंट नंतर निवांत करू. हातात ९ लाख आहेत, बाकी सगळं जुन्या घराच्या जिवावर. आधी विकलं तर अडीच वर्षं भाड्यानं राहायचं, आई ७८ ची, तिला जिना चढवत नाही. नाही विकलं तर पैसे कुठनं आणू. एकजण ब्रिज लोन घे म्हणाला, म्हणजे जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज. कुणी केलंय का असं?

वडगावची अक्का:
दादा पहिलं ते २० टक्के भरू नका. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात, कलम १३ आहे, रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत, आणि "नंतर निवांत" म्हणणाऱ्याचं पुढं काय होतंय ते मी भोगलंय, आमचा ताबा सव्वा वर्ष लांबला. कर्नाटक रेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर घालून बघा, ताब्याची तारीख तिथं लिहिलेली असते ती खरी धरायची, ऑफिसात चहा पाजून सांगितलेली नव्हे. भाड्याचं म्हणाल तर आम्ही खरेदीदाराशी बोलून व्यवहारातच लिहून घेतलं होतं की खरेदी झाल्यावर सहा महिने आम्हीच राहणार, थोडं भाडं देऊन. तोंडी नको, कागदावर घ्या.

निवृत्त बँकवाला:
ब्रिज लोनबद्दल. बँक ते तुमच्या जुन्या घराच्या भरवशावर देते, म्हणजे ते घर स्वच्छ पाहिजे. वडिलांच्या नावचं असेल तर भाऊ-बहिणी किती? बहिणीचा हक्क असतोच, आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पहिला तोच प्रश्न काढतो. दुसरं, ई-खाता, म्हणजे घराचा ऑनलाइन उतारा, झालाय का? २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याशिवाय नोंदणीच होत नाही. म्हणजे ज्या कागदामुळं घर विकलं जात नाही त्याच कागदामुळं ब्रिज लोनपण मिळत नाही, हे कुणी आधी सांगत नाही.

आता नव्या फ्लॅटच्या साध्या गृहकर्जाचा हिशोब. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ४६ लाख धरा, साडेअकरा तुमचे. त्यावर जीएसटी ५ टक्के, २ लाख ९० हजार. स्टॅम्प ड्युटी सेस-सरचार्ज धरून ५.६ टक्के, नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय, मिळून साडेचार लाखांच्या आसपास, आणि हे बँक किमतीत धरत नाही. म्हणजे ९ लाखात बसत नाही हो. पण कर्ज एकदम उचलायचं नसतं, स्लॅब पडेल तसं सुटतं आणि सुटलेल्या रकमेवरच व्याज. १५ लाख सुटले आणि व्याज ८.५ टक्के धरलं तर महिना साडेदहा हजार. तेवढं झेपत असेल तर घर विकायला वर्षभर अवधी मिळतो, पडत्या भावाला देऊ नका.

निपाणीवाला:
टॅक्स विसरू नका. घर विकलेल्या नफ्याचा टॅक्स वाचवायचा तर नवं घर बांधून व्हायला विक्रीपासून ३ वर्षं असतात. आज विकलं आणि बिल्डर लटकला तर बोंबला. रिटर्नच्या मुदतीपर्यंत जे खर्च झालं नाही ते बँकेत कॅपिटल गेन अकाउंट म्हणून यासाठीच वेगळं खातं असतं त्यात ठेवायचं, साधी एफडी चालत नाही, माझ्या मेव्हण्यानं एफडी केली आणि नोटीस आली. सीएला विचारून करा.

शापूरकर:
धन्यवाद सगळ्यांना. बँकवाले काका, तुम्ही नेमकं दुखणं धरलंत. आज उतारा काढला, अजून वडिलांचंच नाव आहे आणि आडनाव कन्नडात एका अक्षरानं चुकलंय. दोन बहिणी, एक इथंच अनगोळला, दुसरी गडहिंग्लजला दिलीय. दोघी सही करायला तयार आहेत पण धाकटी म्हणतेय हक्कसोडपत्र कन्नडात, वाचता येत नाही, तू वाचून दाखव मगच येते. बरोबर आहे तिचं. रविवारी जाऊन येतो तिच्याकडं. बिल्डरला १० टक्के आणि अ‍ॅग्रीमेंट एकाच दिवशी म्हणून कळवलंय, अजून फोन नाही त्याचा.

वडगावची अक्का:
येईल की, जातोय कुठं. आणि तो खड्डा बुजवू नका आधी, विणणारा एखादा गिऱ्हाईक आला तर त्याला तोच पाहिजे असतोय.