अजिंठा सोडून जळगावहून एका दिवसात काय दाखवावं?

जळगावची ताई:
दिवाळीत नाशिकची भाचरं येतायत. मोठी नववीत, धाकटा पाचवीत. सोबत गुडघे धरलेल्या सासूबाई. पाहुणे आले की अजिंठा, हे आता पुरे झालं. थोडं जंगल हवं, थोडं जुनं हवं. चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं देऊळ आणि पितळखोऱ्याची लेणी एकाच दिवशी उरकेल का?

चाळीसगावकर:
उरकेल, पण नुसतं उरकेलच. ताई, एकच धरा. पितळखोऱ्याला कन्नड घाट चढून वरून जावं लागतं आणि मग पायऱ्यांनी खाली दरीत. सासूबाईंचं काम नाही ते.

पाटणादेवीला मात्र सगळे जातील. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ पासूनचं. दिवाळीपर्यंत डोंगर हिरवे असतात, पाऊस बरा झाला असेल तर धवलतीर्थाच्या धबधब्याला पाणीही. आम्ही चाळीसगावची माणसं इथे नारळ फोडायला जातो आणि तसेच परत येतो, हेच मला खटकतं. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांना इथेच सापडला. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत: मठासाठी घाण्यामागे पळीपळी तेल द्यायचं. गणिताच्या शाळेचा खर्च तेल्याच्या घाण्यावर! नववीतल्या पोरीला हे नक्की सांगा.

देवीजवळच्या याच पाटणे गावच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, अश्मयुगातले. खानदेशात शहामृग! धाकटा यावरच खूश होईल.

नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा, गर्दीत काही दिसत नाही.

मुक्ताईनगरचा भो:
चांगदेव म्हटलं की आम्हाला आमचंच चांगदेव आठवतं, तापी-पूर्णेचा संगम. तिथलं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. थंडीत हतनूर धरणाच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात, दुर्बीण न्या. सासूबाईंना पाटण्यापेक्षा हे सोपं.

चाळीसगावकर:
भो, तुमचे चांगदेव योगी, हा मठवाला ज्योतिषी. बाकी जागा झकास, मान्य.

जळगावची ताई:
पाटणाच ठरलं. पण पितळखोऱ्यात एवढं काय आहे?

चाळीसगावकर:
इसवी सनापूर्वीची लेणी, दाराशी हत्तींची रांग. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याने नाव कोरलंय, कण्हदास, धंद्याने सोनार. ती मूर्ती आता दिल्लीला असते. पोरं मोठी झाली की उन्हाळ्याआधी न्या, सासूबाईंना घरी ठेवून.

पाटण्याला डबा घरूनच न्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा. माकडांपुढे पिशवी उघडू नका, आणि प्लॅस्टिक परत आणा.