जुन्या धर्तीचं सिनेमाचं पोस्टर हाताने करायचंय, सुरुवात कुठून करू?

तापीकाठ (शहादा):
आमच्या अहिराणी लघुपटाचं पोस्टर करतोय. विषय सारंगखेड्याचा घोडेबाजार, नाव 'घोडाना सौदा'. दत्तजयंतीच्या यात्रेत लावायचंय, साइज २० × ३० इंच, साधारण १०० प्रती. फोटोवर पिवळट फिल्टर टाकला, वर चुरगळलेल्या कागदाचं टेक्श्चर दिलं, तरी जुनं दिसत नाही, नुसतं मळकं दिसतं. चित्रकलेची इंटरमिजिएट झालीय, घरात पोस्टर कलर आहेत, क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर चालवता येतं. अडतं दोन ठिकाणी: चेहऱ्याचे रंग आणि नावाची अक्षरं. जाणकारांनी सांगावं.

कुंचला_भुसावळ:
भाऊ, मळकं दिसणारच. ती पोस्टरं भिंतीवर लागली त्या दिवशी कोरी करकरीत होती, रंग भडक होते. जुनेपण पिवळेपणात नाही, काम करायच्या पद्धतीत आहे. म्हणून आधी दशक ठरव. चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं १९२४ चं 'कल्याण खजिना' या सिनेमाचं पोस्टर आपल्याकडे टिकून राहिलेल्या पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात. ती घडण वेगळी, आणि १९७० च्या दशकात पोस्टर-चित्रकार दिवाकर करकरेंनी रंगाच्या सुरीच्या (पॅलेट नाइफ) फटकाऱ्यांनी उभे केलेले चेहरे वेगळे. दोन्ही एकत्र केलंस तर कुठलंच धड होणार नाही. धूळ, गर्दी, उधळलेला घोडा असा विषय आहे, तेव्हा माझं मत सत्तरच्या दशकाला.

रंगाला हात लावण्याआधी २ × ३ इंचांची दहा कच्ची रेखाटनं कर, फक्त तीन छटांत: काळा, करडा, कागदाचा पांढरा. भिंतीला लावून दहा फुटांवरून बघ. जे लांबून कळत नाही ते रंगवूनही कळणार नाही. वर घोड्याचं मोठं डोकं, खाली उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करणारे दोन हात, एवढं पुरे. पाचवा-सहावा चेहरा घुसवला की पोस्टरचा ग्रुप फोटो होतो.

निवडलेल्या रेखाटनावर दहा उभे, पंधरा आडवे चौकोन पाड, मोठ्या कागदावर दोन-दोन इंचांचे, आणि चौकोनागणिक चित्र मोठं कर. छाप उतरवताना कार्बन पेपर नको. त्याच्या मेणकट रेघेवर पाण्याचा रंग बसत नाही. ट्रेसिंग पेपरच्या मागे गेरू चोळ.

आता चेहरा. डोक्यात पक्कं ठेव: एक बाजू तापलेली, दुसरी थंड. उजेडाकडे लेमन यलो आणि थोडा पांढरा, मध्ये नारिंगी अधिक बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत क्रिमझन (गर्द लाल) अधिक अल्ट्रामरीन (गर्द निळा). मग जबड्याच्या सावलीकडच्या कडेला व्हिरिडियनची एकच बारीक पट्टी. ती हिरवी पट्टी ही त्या काळच्या पोस्टरांची एक खूण, आणि नवखे तीच टाळतात. सावलीत काळा घालू नकोस, चेहरा काजळी धरल्यासारखा होतो. सगळीकडे पांढरा मिसळलास तर रंग खडूसारखे फिके पडतात. एका चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते शिकायचं तर चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन आहे. त्यांच्या छायाचित्रांपुढे अर्धा दिवस वही घेऊन बस.

पोस्टर कलर साईइतका दाट हवा. तो वाळला तरी ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतो, म्हणून वरचा हात एकदाच फिरव, घासत बसलास की चिखल. वाळल्यावर गडद रंग जरा उजळतात, फिके जरा गडद होतात, तेव्हा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघ. सुरीचे जाड फटकारे पोस्टर कलरमध्ये तडकतात. ते ॲक्रिलिकमध्ये, अगदी शेवटी. आणि कागद चारी बाजूंनी गमटेपने फळीवर ताणून घे. कूलरच्या दमट हवेत सुटा कागद लाटांसारखा फुगतो.

अक्षर_अमळनेर:
अक्षरांचं मी सांगते. 'घोडाना' वर, 'सौदा' खाली, अशा दोन ओळी घे. वरच्या ओळीत एकही उकार नाही, त्यामुळे सौच्या दोन मात्रांना मोकळी जागा मिळते. अक्षराची उंची उभ्या दांड्याच्या जाडीच्या पाचपट धर, शिरोरेषेवर मात्रांसाठी आणखी दोन जाड्या सोड.

'घोडाना'त पाच उभे दांडे आहेत, 'सौदा'त तीन. पट्टीने सारखं अंतर ठेवलंस तर पहिली ओळ गजांच्या खिडकीसारखी दिसेल. घ आणि त्याचा काना जवळ ठेव, घो आणि डा यांच्यात जरा जास्त. अंतर डोळ्याने ठरव, कागद उलटा धरून तपास. उलटं धरलं की शब्द वाचला जात नाही, फक्त फटी दिसतात.

घच्या डाव्या टोकाला जप. तो शिरोरेषेला पक्का चिकटलेला हवा. तिथे ब्रश सुटून फट राहिली की 'धोडाना' वाचलं जातं. जाड अक्षरात ड आणि द यांच्या पोटातली जागा बुजते. तिथे रेघ मुद्दाम पातळ घ्यायची, त्याने अक्षर अशक्त दिसत नाही.

ठोकळा-सावली (अक्षर ठोकळ्यासारखं जाड दिसावं म्हणून दिलेली) ४५ अंशांत खाली-उजवीकडे, सगळ्या अक्षरांना एकच दिशा. खोली दांड्याच्या जाडीच्या निम्मी, जास्त केली तर आतल्या जागा बंद होतात. अक्षर वर पिवळं, उतरत लाल. सावली गडद मरून, मध्ये सायीच्या रंगाची बारीक रेघ.

कॉम्प्युटरवर करायचंच झालं तर 'यात्रा वन' फाँट बघ, मुंबई लोकलच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, मोफत आहे. पण तोही फक्त सांगाडा म्हणून घे, वरून हाताने गिरव. टाइप केलेल्या शब्दात डा आणि ना यांचे काने एकाच साच्यातले दिसतात, हाताच्या अक्षरात तसं होत नाही.

ऑफसेट_धुळे:
छपाईचं आत्ताच ठरवा दादा, नाहीतर सगळी मेहनत तिथे जाते. १०० प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटा परवडत नाहीत, आणि २० × ३० डिजिटल मशीनच्या १३ × १९ इंची कागदात बसत नाही. १२ × १८ चं प्रमाण तेच, २ : ३. मग ९५ प्रती १२ × १८ डिजिटलवर काढा आणि ५ मोठ्या प्लॉटरवर (मोठ्या रुंदीचं छपाई मशीन), कागदावर.

चित्राचा फोटो काढताना दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर लावा, समोरून फ्लॅश मारला तर ॲक्रिलिकचे फटकारे चमकतात. फाइल ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २० × ३० साठी ६००० × ९००० पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, वेगळी.

छपाईचे ठिपके हवे असतील तर क्रितात हाफटोन फिल्टर आहे. ठिपक्यांच्या ओळींचे कोन असे: सायन (छपाईचा निळा) १५ अंश, काळा ४५, मॅजेंटा (छपाईचा गुलाबी) ७५, पिवळा ०. ठिपके ठळक ठेवा, इंचाला ३० ते ४० ओळी. बारीक ठिपक्यांवर मशीन स्वतःचे ठिपके टाकतं आणि चेहऱ्यावर जाळीदार पट्टे उमटतात. ठिपके केल्यावर फाइल लहान-मोठी करायची नाही, त्यानेही तेच होतं. १२ × १८ आणि २० × ३० ची फाइल वेगवेगळी बनवा.

रंग एकमेकांवरून जरा सरकलेले दाखवायचे असतील तर एकटा मॅजेंटा ३-४ पिक्सेल हलवा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. काळा हलवला की डोळे फाकतात. कागदाचा रंग हवा तर सायन ३ टक्के, मॅजेंटा ८, पिवळा २२, बस. कडा जाळणं, सुरकुत्या, डाग काही नको.

तापीकाठ (शहादा):
फार उपयोग झाला, ताई आणि दोघा दादांचे आभार. एकच विचारायचं राहिलं: मूळ चित्र धुळ्याला गुंडाळून नेलं तर चालेल का?

कुंचला_भुसावळ:
शक्यतो फळीवर सपाट ने. गुंडाळायचंच तर रंगाची बाजू बाहेर, किमान ६ इंच जाडीच्या नळीवर, मध्ये बटर पेपर. आत गुंडाळलं की रंग दाबला जाऊन पापुद्रे सुटतात. एसटीत टपावर टाकू नकोस.